‘सार्थक’ म्हणजे गुणकारी नव्हे

औषधनिर्मात्यांची जी माहितीपत्रके आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत येतात, त्यांत ‘निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सार्थक, पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी’ असे वाक्य वारंवार आढळते. चिंता, निद्रानाश, मानसिक ताण यांवरील योगांचे परीक्षण बहुधा मानसशास्त्रीय प्रश्नावलीने होते. त्या शास्त्राला या वाक्याचा जो कटु अनुभव आला, तो वैद्यवर्गाने जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ मधील ग्रंथामुळे ही परीक्षणपद्धती रूढ झाली. औषध व प्लॅसिबो यांत मुळीच फरक नाही, असे प्रथम गृहीत धरावयाचे. हे खरे असताना, हाती आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची जी संभाव्यता, तिला पी मूल्य म्हणतात. म्हणजेच पी मूल्य ०.०४ आले, तर औषध गुणकारी असण्याची शक्यता ९६ टक्के आहे असा अर्थ होत नाही.

२०११ साली सिमन्स, नेल्सन व सायमनसोन या संशोधकांनी एक प्रयोग मुद्दाम करून दाखविला. बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने ऐकणाऱ्यांचे वय सुमारे दीड वर्षाने घटते, असा अशक्य निष्कर्ष ‘सार्थक’ ठरला! आकडे खोटे नव्हते. अनेक गोष्टी मोजून सोयीच्या तेवढ्याच सांगितल्या होत्या. निष्प्रभ औषधाच्या २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तरी निदान एक तरी सार्थक ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. पुढे २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच तसे ठरले.

दुसरी बाब परिणामाच्या मात्रेची. चिंता मोजण्याच्या हॅमिल्टन श्रेणीत ० ते ५६ गुण असतात. रुग्णसंख्या पुरेशी मोठी असेल, तर एका गुणाचा फरकही सार्थक ठरू शकतो. रुग्णाला मात्र तो जाणवेलच असे नाही.

म्हणून माहितीपत्रक हाती आल्यावर आपण चार प्रश्न अवश्य विचारावेत. रुग्ण किती होते? तुलनेसाठी दुसरा गट होता काय? काय मोजावयाचे हे आधी ठरले होते काय, व मोजलेले सर्व सांगितले आहे काय? फरक किती पडला, आणि अन्य कोणास तो पुन्हा आढळला काय?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. एका आकड्यावर विसंबून रुग्णाच्या हाती औषध देणे या परंपरेस शोभणारे नाही. आपल्या योगांविषयी आस्था असणाऱ्यांनीच ही परीक्षा अधिक कठोरपणे करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.