उड्डाण-सिम्युलेटरसाठी विमानाची प्रतिकृती : ‘बसंत’च्या निमित्ताने काही प्राथमिक विचार

संगणकावरील उड्डाणाचा खेळ हा केवळ करमणुकीचा विषय आहे, असा समज अद्यापही आढळतो. तथापि या खेळाचा उगम प्रशिक्षणात आहे. एडविन लिंक यांनी १९२९ साली आपले प्रशिक्षणयंत्र तयार केले. ब्रूस आर्टविक यांचा संगणकावरील सिम्युलेटर १९७९ साली आला. १९९७ पासून ‘फ्लाइटगिअर’ ही सर्वांस विनामूल्य खुली असलेली प्रणाली उपलब्ध आहे. तिच्यासाठी एखादे विमान स्वतः रचावयाचे झाल्यास प्रारंभ कोठून करावा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम प्रश्न विमानाच्या निवडीचा. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ‘बसंत’ या फवारणीच्या विमानाच्या सुधारित नमुन्याने प्रथम उड्डाण केले. एक इंजिन, एक वैमानिक, खालच्या बाजूस बसविलेले पंख, असे हे साधे विमान. १९८० साली उत्पादन थांबले तेव्हा अवघी ३९ विमाने तयार झाली होती. ज्याची रचना साधी, ज्याचे कार्य निश्चित आणि ज्याची स्मृती विरत चालली आहे, असे विमान नवशिक्या अभ्यासकास सर्वस्वी योग्य होय.

यानंतर एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फ्लाइटगिअरमध्ये विमानाचे दृश्य रूप आणि त्याचे गतिशास्त्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ‘ब्लेंडर’सारख्या साधनाने घडविलेला आकार केवळ डोळ्यांना दिसतो, तो आपोआप उडत नाही. उड्डाण घडते ते ‘जेएसबीसिम’सारख्या गणिती यंत्रणेस पुरविलेल्या आकड्यांवरून : पंखांचे क्षेत्रफळ, वजन, निरूढी परिबले, उत्थापक बलाचे व ओढीचे गुणांक. आकडे अचूक असतील तर एखादी चौकोनी पेटीही विमानासारखी उडेल; आकडे चुकले तर रेखीव प्रतिकृतीही धावपट्टीवर कोलमडेल. ‘एक्स-प्लेन’ची पद्धत निराळी आहे. तेथे पंखांचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावरील बल आकारावरूनच काढले जाते.

दृश्य रूप घडविताना समोरून, बाजूने व वरून काढलेली तीन आरेखने एकाच प्रमाणात मांडावीत. शरीराचा अर्धाच भाग रचून दुसरा त्याचे प्रतिबिंब म्हणून घ्यावा. हलणारे पृष्ठभाग स्वतंत्र ठेवून त्यांच्या बिजागरीच्या रेषा निश्चित कराव्यात. अक्षांच्या दिशांकडे विशेष लक्ष असावे. जेएसबीसिममध्ये विमानाच्या भागांची स्थाने सांगताना पहिला अक्ष शेपटीकडे धन मानला जातो, बले मोजताना मात्र नाकाकडे. हा फरक निसटला तर गुरुत्वमध्य भलत्याच ठिकाणी जातो.

फवारणीच्या विमानात गुरुत्वमध्याचा प्रश्न अधिकच नाजूक असतो, कारण टाकीतील द्रव उड्डाणातच संपत जातो. एकूण वजनाचा चौथा हिस्सा द्रवाचा आहे असे मानल्यास, टाकी रिकामी होताच पंखांस आधार देणारा किमान वेग सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो. कारण तो वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून अशा विमानांत टाकी गुरुत्वमध्याच्या निकट ठेवतात. प्रतिकृतीत द्रवाचे वजन स्थिर ठेवणे म्हणजे विमानाचा स्वभावच पुसून टाकणे होय.

प्रतिकृतीची खरी परीक्षा स्थानिक हवेत घ्यावी. परभणीची उंची चारशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यातील दुपारी तापमान ४२ अंश धरल्यास हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०७ किलोग्रॅम येते. प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला ती १.२२५ असते. म्हणजे घनता १३ टक्के कमी. परिणामी जमीन सोडण्यास लागणारा वेग सुमारे ७ टक्के, आणि इंजिनाचा जोर तोच राहिला असे मानले तरी जमिनीवरील धाव सुमारे १५ टक्के वाढली पाहिजे. विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून अधिक येईल. आपली प्रतिकृती डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी सारखीच उडत असेल, तर दोष हवेत नसून आपल्या आकड्यांत आहे.

हा काटेकोरपणा निरर्थक नाही. आज शेतीत फवारणीसाठी ड्रोन येत आहेत आणि ते चालविणाऱ्यांच्या प्रशिक्षणात सिम्युलेटरचा समावेश असतो. सदोष प्रतिकृतीवर मिळविलेले कौशल्य सदोषच असते, आणि त्याची किंमत पडद्यावर नव्हे, शेतावर मोजावी लागते. म्हणून विद्यार्थ्यांनी रंगकामापूर्वी वजनाचा तक्ता मांडावा, प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला आहे की अनुमानाने घेतलेला आहे हे नोंदवावे, आणि मगच विमान आकाशात न्यावे.