बदक बाजारातले, बिरूद राजवाड्याचे

बीजिंगच्या भाजलेल्या बदकाची, म्हणजे जगभर ‘पेकिंग डक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाची कथा बहुधा एखाद्या सम्राटापासून सुरू होते. मंगोल बादशहाच्या राजवैद्याने पाककृती लिहून ठेवली, मिंग सम्राटाने राजधानी उत्तरेला नेली तेव्हा बदकही त्याच्याबरोबर गेले, छिंग राजवाड्यातल्या बल्लवाने गुपित बाहेर आणले आणि मग ते प्रजेच्या ताटात पडले, असा तिचा क्रम असतो. उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि पर्यटन पुस्तिकांत ती इतक्या वेळा छापली गेली आहे की तिला पुरावा मागावा असे कोणाला वाटत नाही. तिच्यातले निम्मे तपशील खरे आहेत, आणि त्यामुळेच ती तपासायला अवघड जाते. माझे म्हणणे असे, की आज ज्याला आपण पेकिंग डक म्हणतो तो पदार्थ राजवाड्याने घडवलेला नाही. तो बीजिंग शहराच्या बाजारपेठेने घडवला. राजवाड्याने तो खाल्ला, कदाचित त्याला भट्टीचा एक प्रकारही दिला, पण त्याची घडण दुकानातली आहे. याचा सर्वांत भक्कम पुरावा दरबारी कागदांत सापडत नाही. तो बदक भाजण्याच्या कृतीतच आहे.

तरी आधी कागद पाहू. चीनमध्ये बदक भाजून खाण्याची रीत फार जुनी. सहाव्या शतकातल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात लठ्ठ बदक भाजण्याची कृती आहे, पण तिथे हाडे काढून मांसाचे तुकडे करायचे, ते मुरवायचे आणि मग भाजायचे असे सांगितले आहे. राजवैद्य हू सहुइ याने १३३० मध्ये मंगोल दरबाराला सादर केलेल्या आहारग्रंथाचा हवाला तर प्रत्येक जण देतो. त्यात रानहंस, बदक असे पक्षी मेंढीच्या पोटाच्या पिशवीत घालून भाजायला सांगितले आहेत. या कृतीत बदकाच्या कातडीला आचेचा स्पर्शच होत नाही, आणि पेकिंग डकचा सारा डोलारा कातडीवर उभा आहे. हा ग्रंथ पूर्वज म्हणून पुढे करायचा तर भाजलेले कुठलेही बदक पूर्वज ठरेल. पुढे १७९२ मध्ये नानजिंगचा कवी आणि खवय्या युआन मेइ आपल्या पाकग्रंथात कोवळे बदक काट्याला लावून आचेवर भाजायला सांगतो आणि एका अधिकाऱ्याच्या घरच्या आचाऱ्याची तारीफ करतो. ही कृती आजच्या पदार्थाच्या बरीच जवळ आली, पण तिच्यात ना भट्टी आहे, ना पोळ्या. शिवाय तारीफ झाली ती राजधानीपासून हजारेक किलोमीटर दूरच्या शहरात.

बीजिंगमध्ये हा पदार्थ रुजला त्याचे कारण आधी धान्यात शोधावे लागते. योंगले सम्राटाने १४२१ मध्ये राजधानी नानजिंगहून बीजिंगला हलवली. उत्तरेच्या कोरड्या मैदानातले एवढे मोठे शहर आणि त्याचे सैन्य पोसायचे तर दक्षिणेचा तांदूळ हवा, आणि तो येई महाकालव्यातून, गलबतांच्या तांड्यांनी. कालव्याकाठी सांडलेले दाणे खाऊन बदके लठ्ठ होत गेली आणि त्यातून पांढरी, मोठ्या चणीची जात निपजली, असे सांगतात. ही लोककथा असेल, पण लठ्ठ बदक ही उरलेल्या धान्याची निपज असते हे त्यातले अर्थशास्त्र बिनचूक आहे. पुढे बदकांना चारा भरवणे हा स्वतंत्र धंदा झाला. शेवटचे दोन-तीन आठवडे पिठाचे लांबट गोळे त्यांच्या घशात जबरदस्तीने कोंबायचे आणि दोन महिन्यांच्या आसपास पक्षी विक्रीला काढायचा. ही रीत क्रूर आहे, आणि परंपरेचे नाव देऊन तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण कातडीखाली चरबीचा जो जाड, सलग थर हवा असतो तो या कोंबण्यातूनच येत असे, आणि त्या थरावाचून पुढची कृती फसते. बदक पाळणारा, चारणारा आणि भाजणारा वेगवेगळा, अशी ही श्रमविभागणी आहे. ती एकाच मुदपाकखान्यात उभी राहत नाही, तिला शहर लागते.

आता कृती. बदक कापून, पिसे उपटून झाली की मानेजवळच्या छोट्या छेदातून कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरतात. पूर्वी हे काम तोंडाने फुंकून करीत, आता पंप वापरतात. बदक फुग्यासारखे टम्म होते, कातडी चरबीपासून सुटते आणि भट्टीत ती चरबी वितळून वाहून जायला वाट मिळते. आतडी-काळीज पोट चिरून काढत नाहीत. पंखाखाली दोन बोटे जातील एवढे भोक पाडून त्यातून सगळे बाहेर काढतात आणि त्याच भोकातून ज्वारीच्या ताटाचा एक तुकडा आत टेकू म्हणून बसवतात, म्हणजे छाती खचत नाही. पोट अखंड ठेवण्याचे कारण पुढे कळते. मग बदक आकड्याला टांगून त्याच्यावर उकळते पाणी ओततात, त्याने कातडी ताणली जाते आणि तिची छिद्रे मिटतात. त्यावर माल्टोजचे, म्हणजे मोड आलेल्या धान्यापासून निघणाऱ्या साखरेचे, पातळ पाणी फिरवतात. साधी उसाची साखर इथे तितकी कामाची नाही. साखर आणि प्रथिने तापल्यावर परस्परांत मिसळून जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, त्या क्रियेचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. माल्टोज त्या क्रियेत थेट भाग घेते, उसाच्या साखरेला आधी फुटावे लागते. बीजिंगच्या आचाऱ्यांना मायार ठाऊक असण्याची गरज नव्हती. चूक झाली की गिऱ्हाईक परत पाठवते, एवढी प्रयोगशाळा त्यांना पुरेशी होती.

यानंतरचा टप्पा सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत महत्त्वाचा: बदक वाळवणे. गार, वाहत्या हवेत ते साधारण दिवसभर टांगून ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणे घालताना जो हिशेब असतो तोच इथे आहे. ओला पापड तळला तर तो फुलत नाही, आणि ओली कातडी भाजली तर आच आधी पाणी उडवण्यातच खर्ची पडते, कातडी चिवट होते. बीजिंगचा हिवाळा थंड आणि अतिशय कोरडा. हा गुण तिथल्या हवेचा आहे, कुठल्या सम्राटाचा नव्हे. दमट हवेच्या शहरांत पंखे लावावे लागतात. अशा टांगलेल्या बदकांवरून कॅलिफोर्नियात चांगलाच वाद झाला होता. बदके उघड्यावर टांगलेली पाहून तिथल्या आरोग्य निरीक्षकांनी हरकत घेतली, आणि अखेर राज्याच्या कायद्यात चिनी पद्धतीच्या भाजलेल्या बदकासाठी खास सवलत घालावी लागली: ठरावीक तापमानाला तासभर भाजले जाणार असेल, तर कच्चे बदक दोन तासांपर्यंत शीतपेटीबाहेर ठेवता येते. एका पदार्थासाठी कायद्यात वेगळे कलम घातले जावे, यावरून वाळवणे किती अटळ आहे ते दिसते.

भट्टीत जाण्यापूर्वी शेपटीकडचे भोक बंद करून पोटात उकळते पाणी भरतात. पोट अखंड ठेवायचे ते याचसाठी. बाहेरून बदक भाजते, आतून वाफेवर शिजते, त्यामुळे कातडी कुरकुरीत होईपर्यंत मांस कोरडे पडत नाही. भट्ट्या दोन प्रकारच्या. बंद भट्टीत आधी भिंती तापवून घेतात, त्यासाठी पूर्वी ज्वारीचा कडबा जाळीत. मग जाळ विझवून बदके आत ठेवायची, दार लावायचे आणि भिंतींच्या धगीवर ती होऊ द्यायची. मध्ये दार उघडायचे नाही, त्यामुळे सारी परीक्षा भिंत किती तापली ते ओळखण्यात. उघड्या, म्हणजे टांगत्या, भट्टीला दार नसते. बोर, पीच, नासपती अशा फळझाडांची टणक लाकडे जळत राहतात, त्यांचा धूर कमी आणि आच एकसारखी. आचारी लांब काठीने बदके फिरवतो, जागा बदलतो, एखादा फिका राहिलेला भाग क्षणभर ज्वाळेसमोर धरतो. पाऊण-एक तासात बदक होते. पोटातल्या पाण्याचा रंग पाहून ते कितपत शिजले हे जाणकार ओळखतात. बंद भट्टीचे मांस अधिक रसदार, उघडीची कातडी अधिक कुरकुरीत, असे म्हटले जाते. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने यात इंधन महत्त्वाचे. कडबा हे उत्तर चीनच्या शेतातले फुकटात जमा होणारे जळण आहे, ते वापरणारी भट्टी काटकसरीच्या धंद्यातून आलेली असते. उघडी भट्टी एका वेळी डझनभर बदके घेते, आणि दिवसभर पेटती ठेवली तरच परवडते. एका बदकासाठी ती पेटवणे मूर्खपणाचे. रोज गिऱ्हाईक येणार याची खात्री असेल तिथेच हा पदार्थ उभा राहतो. चिनी घरांत तो आजही क्वचितच केला जातो, त्याचे कारणही हेच.

ताटात त्याच्याबरोबर काय येते तेही पाहावे. पातळ पोळ्या, कांद्याच्या पातीच्या पांढऱ्या भागाचे तुकडे आणि गव्हाचे पीठ आंबवून केलेली गडद, गोडसर चटणी. शानदोंग प्रांतातला शेतकरी किंवा हमाल पोळीत कांद्याची पात आणि आंबवलेली चटणी गुंडाळून खातो. ही न्याहारी तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. छिंग काळातल्या बीजिंगच्या खानावळींवर शानदोंगच्या आचाऱ्यांचा पगडा होता. त्यांनी आपल्या गावचे जेवण घेतले आणि त्यात बदकाचा काप ठेवला. बदकाचे शंभराच्या आसपास काप करावेत, प्रत्येकाला कातडी आणि मांस दोन्ही लागलेले असावे, असा दंडक आहे. १०८ हा आकडा त्यात हौसेने सांगितला जातो. उरलेल्या सांगाड्याचा रस्सा होतो. काळीज, जीभ, पंजे, पंख यांचे वेगळे पदार्थ होतात आणि नुसत्या बदकाची अख्खी मेजवानी मांडली जाते. काही वाया न घालवण्याची ही वृत्ती दुकानदाराची आहे.

दुकाने होती कुठे, हाही पुरावाच. छिंग राजवटीने १६४८ च्या सुमारास हान चिनी रहिवाशांना बीजिंगच्या आतल्या नगरातून बाहेर काढले आणि ते मांचू लष्करी घराण्यांसाठी राखून ठेवले. नाट्यगृहांनाही तिथे बंदी होती. त्यामुळे व्यापार, करमणूक आणि खाणेपिणे सारे छियेनमेन दरवाज्याच्या दक्षिणेला गोळा झाले. बंद भट्टीची प्रसिद्ध पेढी ब्येनयीफांग आपला जन्म १४१६ सालचा सांगते. पण त्या परिसरातल्या श्येनयूखौ गल्लीतले तिचे दुकान १८५५ चे, आणि १४१६ हे साल राजधानी बीजिंगला येण्याच्या पाच वर्षे आधीचे. उघड्या भट्टीची पेढी छ्वानज्युदे १८६४ मध्ये यांग छ्वानरेन याने काढली. तो आधी छियेनमेनपाशी कोंबड्या-बदके विकायचा. बुडीत निघालेले सुक्या मेव्याचे दुकान त्याने घेतले आणि त्याची तीन अक्षरे उलटी करून नवी पाटी लावली, असे पेढीचाच इतिहास सांगतो.

इथे हरकत येईल. याच इतिहासात यांगने राजवाड्याच्या भट्टीवर काम केलेला आचारी नेमल्याचे येते. शिवाय छिंग मुदपाकखान्यात टांगत्या भट्टीचा स्वतंत्र विभाग होता, आणि तिथे डुकरे व बदके भाजली जात हे दरबारी नोंदींतून दिसते. दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. उघड्या भट्टीची कल्पना राजवाड्यातून आली असण्याची शक्यता दाट आहे. पण दरबारी जेवणात ते बदक अनेक पदार्थांपैकी एक होते, डुकराच्या मांसाशेजारी मांडलेले. दुकानात ते एकमेव झाले, त्याच्याभोवती पोळी-पात-चटणीची जोड आणि काप काढण्याचे तंत्र जमले. राजवाड्याच्या आचाऱ्याला दुकानदाराने पगारावर ठेवले, यावरूनही कर्ता कोण ते कळते. दुसरी हरकत किमतीची: इतका महागडा पदार्थ बाजारातला कसा? बाजारातला म्हणजे स्वस्त, हे समीकरणच चुकीचे आहे. व्यापारी, नाटकांचे शौकीन, परीक्षेला आलेले उमेदवार आणि त्यांचे यजमान यांच्या खिशात पैसा होता, आणि तो खर्च करायला जागा हवी होती.

मग राजवाड्याचे बिरूद चिकटले कसे? राजवट गेल्यावर तिच्या चवीला भाव आला. बैहाय उद्यान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी माजी शाही आचाऱ्यांनी तिथे फांगशान उपाहारगृह काढले. गंमत म्हणजे त्याची ख्याती मक्याच्या छोट्या मुटक्यांची आणि वाटाण्याच्या वड्यांची आहे, बदकाची नव्हे. खऱ्या शाही आचाऱ्यांनी जे आपले म्हणून विकले त्यात बदकाला मान नव्हता, हा माझ्या मते या वादातला निर्णायक साक्षीदार आहे. दरबारी थाट पुन्हा आला तो साम्यवादी राज्यात, पाहुण्यांच्या सरबराईतून. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर गुप्तपणे बीजिंगला आले असताना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी कडक शब्दांत मतभेद मांडले आणि मग बदक गार होईल म्हणून पाहुण्यांना जेवायला उठवले. त्यानंतरची बोलणी निवळली. अशा मेजवान्यांनी बदकाला राष्ट्राचा पदार्थ केले आणि मग त्याला साजेसा वंशवृक्षही जोडला गेला.

बाजाराने पुढेही आपले काम चालू ठेवले. अमेरिकेला निघालेल्या पांढऱ्या बदकांपैकी नऊच १८७३ मध्ये न्यूयॉर्कला जिवंत पोचली आणि त्यांच्यावर तिथला बदकांचा धंदा उभा राहिला. इंग्लंडमध्ये चेरी व्हॅली कंपनीने याच जातीपासून झपाट्याने वाढणारा वाण तयार केला, तो चीनमध्येच परत आला आणि तिथल्या खुराड्यांत पसरला. २०१७ मध्ये चिनी कंपन्यांनी अखेर ती कंपनीच विकत घेतली. छ्वानज्युदे २००७ मध्ये शेनझेनच्या शेअर बाजारात गेली आणि शाखांत विजेच्या, आपोआप तापमान राखणाऱ्या भट्ट्या आणू लागली, तेव्हा जुन्या खवय्यांनी नाके मुरडली. त्यांची तक्रार रास्त आहे, पण लाकडाची उघडी भट्टीसुद्धा कधीकाळी कडब्याच्या भट्टीपुढे नवीच होती.

चीन सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत बदक भाजण्याची कला घातली. तिथे दोन पद्धतींची स्वतंत्र नोंद आहे, टांगत्या भट्टीची आणि बंद भट्टीची. पहिलीपुढे छ्वानज्युदेचे नाव आहे, दुसरीपुढे ब्येनयीफांगचे.