गवतावर उतरलेले विमान थांबत का नाही?

मे १९३० मध्ये एमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी ‘जेसन’ नावाचे जिप्सी मॉथ विमान घेऊन लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली. विमानोड्डाणाचा तिचा अनुभव शंभर तासांचाही नव्हता. तरीही सहा दिवसांत तिने कराची गाठली. बर्ट हिंकलरच्या विक्रमापेक्षा ती दोन दिवसांनी पुढे होती. इंधन संपत आल्याने झाशीला कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले, विमानाच्या पंखाला इजा झाली. ती दुरुस्त झाली. विक्रम हातचा गेला तो पुढे ब्रह्मदेशात.

रंगूनच्या घोडशर्यतीच्या मैदानावर तिला उतरायचे होते. पावसाळी हवेत ते सापडले नाही आणि इनसीन येथील तंत्रविद्यालयाच्या क्रीडांगणावर ती उतरली. चाके टेकली, पण मैदान संपले तरी विमान थांबेना. कडेच्या चरात ते जाऊन आदळले. चाकांचा सांगाडा, प्रोपेलर आणि पंख यांची मोडतोड झाली. दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले.

दाबोळी किंवा मोपाची पक्की धावपट्टी पाहणाऱ्यांना हे नवल वाटेल. पण त्या काळच्या हलक्या विमानांना चाकांचे ब्रेकच नसत. शेपटीखालचा टेकू मातीत घासत जाई, गवत चाकांना अडवी आणि वेग ओसरे. म्हणजे गवत हाच ब्रेक. तेच ओले झाले की टेकूही घसरतो आणि चाकेही.

आजच्या हलक्या विमानांना ब्रेक आहेत, तरी प्रश्न सुटलेला नाही. ओल्या गवतावर ब्रेक दाबला तर चाक फिरायचे थांबते आणि टायर नुसता सरकत राहतो. ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने वैमानिकांना दिलेला हिशेब असा: पक्क्या धावपट्टीवर लागणाऱ्या अंतरात कोरड्या गवतासाठी १५ टक्के आणि ओल्या गवतासाठी ३५ टक्के वाढ धरावी. गवत अगदी आखूड आणि ओले असेल तर ही वाढ ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आखूड गवत अधिक निसरडे, हे नवख्यांना सहसा सुचत नाही.

या वाढींची बेरीज नव्हे, गुणाकार होतो. पुस्तिकेत ४०० मीटर अंतर दिले असेल तर ओल्या गवतावर ते ५४० मीटर होते. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीमागून असेल तर आणखी २० टक्के, म्हणजे ६४८. त्यावर सुरक्षिततेसाठी सुचवलेला १.४३ हा गुणक लावला की आकडा सव्वानऊशे मीटरच्या पुढे जातो. शिवाय वैमानिकाने दहा टक्के जादा वेग ठेवला, तर जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अशा वेळी विमान जमिनीलगतच्या हवेवर तरंगत राहते आणि निम्मी पट्टी चाके टेकण्याआधीच सरते. वेळीच इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जाणे हाच तेथे उपाय. तो निर्णय लांबला की उरते ते कुंपण.

उलट गवत उंच आणि जमीन मऊ असेल तर चाक रुतून विमान नाकावर उलटण्याचे भय असते. १९३२ मध्ये कराची ते जुहू अशी टपालसेवा सुरू करणाऱ्या टाटांनाही पावसाळ्यात जुहूच्या चिखलामुळे मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

एमी २४ मे रोजी डार्विनला पोहोचली. हिंकलरला साडेपंधरा दिवस लागले होते, तिला साडेएकोणीस. पाच दिवसांनी ब्रिस्बेनच्या ईगल फार्म विमानतळावर हजारो लोक तिची वाट पाहत होते. तेथेही ती उतरण्याची जागा ओलांडून पुढे गेली, कुंपणाला धडकली आणि विमान शेजारच्या शेतात उलटे झाले. तिला इजा झाली नाही. पुढचा प्रवास मात्र दुसऱ्याच्या विमानातून करावा लागला. ‘जेसन’ आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये छताला टांगलेले आहे.