भुंकणे हेच ज्याचे काम

आमच्या डोंबिवलीत कुत्रा पाळणे ही एका अर्थी शेजाऱ्यांना विचारून करायची गोष्ट. भिंतीला भिंत लागलेली, जिन्यात चार दारे समोरासमोर, आणि कोणाच्या कुकरची तिसरी शिट्टी कधी झाली हेही सर्वांना ठाऊक! अशा ठिकाणी तीन वर्षांपूर्वी आम्ही लोकरीच्या गुंड्यासारखे एक पांढरे पिल्लू आणले व त्याचे नाव मोत्या ठेवले. सहा महिन्यांतच सोसायटीची नोटीस दारावर आली. तेव्हा हा प्राणी इतका भुंकतो का, याचा शोध घेणे भाग पडले.

सगळे ज्याला ‘पामेरियन’ म्हणतात तो आपल्याकडचा कुत्रा बहुधा पॉमेरेनियन नसतोच. तो इंडियन स्पिट्झ. ब्रिटिश अमदानीत साहेबांबरोबर जर्मन स्पिट्झ कुत्री हिंदुस्थानात आली, त्यांचा हा वंश. आपल्या उकाड्यात टिकतील अशी पिल्ले निवडत निवडत तयार झालेला. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी याच जातीचा. उभे टोकदार कान, निमुळते तोंड, पाठीवर वळलेली शेपटी आणि केसांचे दोन थर, ही उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या साऱ्या स्पिट्झ घराण्याची खूण. हल्ली ठाण्याच्या उंच इमारतींत दिसणारा हस्कीही त्याच गोतातला.

या गोतात फिनलंडचा एक तांबूस भाऊबंद आहे, फिनिश स्पिट्झ. १९७९ साली फिनलंडने त्याला राष्ट्रीय कुत्रा ठरवले. त्याची शिकारीची रीत मोठी मजेदार आहे. रानात तो धन्याच्या खूप पुढे धावतो. रानकोंबड्याच्या कुळातला एखादा मोठा पक्षी उडून झाडावर बसला, की हा खाली उभा राहून प्रथम हळू आणि मग वाढत्या लयीत भुंकू लागतो. वर शेपटीही हलवत राहतो. पक्ष्याचे सारे लक्ष खालच्या या गोंगाटाकडे. त्याच आवाजाच्या रोखाने शिकारी येतो, पण त्याची चाहूल पक्ष्याला लागत नाही. कुत्रा मध्येच गप्प बसला तर धनी रिकाम्या हाताने घरी! म्हणून तिकडे भुंकण्याच्या स्पर्धा भरतात आणि विजेत्याला किताब मिळतो. मोत्याचे जर्मन पूर्वज शिकारीपेक्षा राखणीला असत. पण परका दिसला की वर्दी द्यायची, हे काम तोंडाचेच.

म्हणजे जास्त बोलणारी पिल्ले पिढ्यानपिढ्या माणसानेच निवडली, आणि आता जिन्यात दूधवाल्याचे पाऊल वाजले की आपणच “चूप!” म्हणून खेकसतो. त्याचा उपयोग शून्य. आपल्या ओरडण्याने त्याला वाटते, घरचेही सामील झाले. आम्ही उलट केले. दोन-तीनदा भुंकू द्यायचे, मग शांतपणे “कळलं” म्हणायचे, आणि तो थांबला त्याच क्षणी भाकरीचा तुकडा. धाकटा भाऊ पंधरा-पंधरा वेळा बेल वाजवून पळे (हे काम त्याने फारच मनापासून केले). दोन महिन्यांत फरक पडला.

खरा प्रश्न घर रिकामे असण्याचा होता. आईबाबा सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात ते रात्री आठला परततात; मी कॉलेजात, भाऊ शाळेत. मोत्या दिवसभर गॅलरीत रस्त्यावरच्या प्रत्येकाला वर्दी देत बसे. खालच्या मजल्यावरचे काका बायपास करून नुकतेच घरी आलेले. ते भांडायला आले नाहीत, हात जोडून म्हणाले, “दुपारी तासभर तरी झोप मिळू दे रे.” भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचनांत, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून मालकाने प्रयत्न करावा, असेही आहे. कागद दाखवून काकांना झोप थोडीच लागणार होती? मोत्याला गावी मामाकडे धाडायचे, असे बाबांनी जवळजवळ ठरवलेच होते.

मग गॅलरीचे दार बंद झाले. बाबा पहाटे साडेपाचला उठून त्याला तासभर फिरवू लागले. उन्हाळ्यात तर ऊन चढायच्या आत घरी यावेच लागते, कारण कुत्र्याला घाम फुटून थंडावा मिळत नाही, धापाच टाकाव्या लागतात. (उन्हाळ्यात केस भादरणे मात्र चुकीचे, वरचा थर उन्हापासूनही राखतो. आतली लोकर विंचरून काढावी.) एकटे राहण्याची सवय पाच मिनिटांपासून लावली, मग दहा, मग अर्धा तास. माझी दुपारची लायब्ररी सुटली, हे आमच्या सरांच्या लक्षात आले असेलच.

मोत्या गावी गेला नाही. काकांची दुपारची झोप आता बहुतेक दिवस होते. रविवारी भंगारवाल्याची हाळी आली की मात्र दोघेही जागे. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.