बिल कोणाच्या नावाने फाटतं?

कारखान्याच्या दाराबाहेर : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण कुडाळजवळच्या अमृत कोकमच्या छोट्या कारखान्यात थांबलो होतो. बाटलीची एमआरपी १५० रुपये ठरली, दुकानदाराला ती १०० ला द्यायची. आता माल पुण्यात न्यायचाय आणि दोन माणसांचे फोन येताहेत. एक म्हणतो, "ऑर्डरी आणून देतो, शेकडा ८ द्या." दुसरा म्हणतो, "मला ८२ ला द्या, पुढचं मी बघतो."

९२ मोठे की ८२? असा हिशेब केला की पहिल्यालाच होकार जातो. उदबत्तीच्या धंद्यात मीही तेच केलं होतं. वर्षभर दुकानांचे उंबरे झिजवून उधारी गोळा करत हिंडलो.

पहिला माणूस एजंट. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या १८२ व्या कलमानुसार एजंट दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करतो, माल त्याचा कधीच होत नाही. बिल तुम्ही फाडता, दुकानदाराच्या नावाने. ४० दुकानांत २५-२५ बाटल्या गेल्या की तुमचे १ लाख रुपये दुसऱ्यांच्या फळ्यांवर जाऊन बसले. त्यातल्या दोघांनी हात वर केले तर ५ हजारांवर पाणी. टेम्पोभाडं तुमचं, फुटलेली बाटलीही तुमचीच. जादा कमिशन घेऊन वसुलीची हमी देणारे एजंट असतात, पण नव्या मालाला ते सहसा हात लावत नाहीत. कमिशन ऑर्डर आली की द्यायचं की पैसे आल्यावर, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

दुसरा वितरक. तो माल विकत घेतो, पुढचं बिल स्वतःच्या नावाने फाडतो. हा फरक किती खोल जातो ते मोबाइलच्या प्रीपेड सिमकार्डांच्या खटल्यात दिसलं. वितरकाला मिळणारी सूट म्हणजे कमिशनच, कंपनीने त्यावर टीडीएस कापायला हवा होता, असं आयकर खात्याचं म्हणणं. २८ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. हे वितरक कंपनीचे एजंट नाहीत, त्यांचा नफा त्यांच्या स्वतःच्या विक्रीतून येतो, असा निकाल लागला.

म्हणजे बाटलीमागचे ते १० रुपये गोदाम, टेम्पो, वसुली आणि बुडीत उधारी यांचे आहेत. मला ते महाग वाटत नाहीत. शिवाय उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; २००६ चा एमएसएमईडी कायदा तसं सांगतो. तो कायदा घेऊन एका वितरकाशी भांडता येतं, ४० दुकानांशी कोण भांडणार?

मग सरळ वितरकच का नको? कारण तो माल घेतो, पण खपवेलच असं नाही. त्याच्या टेम्पोत इतर साठ वस्तू असतात. जी दुकानदार मागतो तीच आधी उतरते. आणि बाटली कुठल्या गल्लीत खपली, कुठे धूळ खात पडली, हे तो तुम्हाला सांगत नाही. दुकानांची यादी हेच त्याचं भांडवल.

कोकमाची आणखी एक गोम आहे. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं, सरबत तेव्हा होतं, आणि त्याला खरी मागणी येते थेट पुढच्या मार्चमध्ये. पाऊस पडला की फळीवरची बाटली कुणी उचलत नाही. एजंटाकरवी गेलेली उरलीसुरली बाटली जूनमध्ये हमखास कुडाळला परत येते. वितरकाकडची येते की नाही, ते परतीच्या अटीवर.

कुडाळकरांनी एजंटाला एका उन्हाळ्यापुरतं कोथरूड-कर्वेनगर दिलंय. कुठलं दुकान किती बाटल्या घेतं, याची वही मालकीणबाई स्वतः लिहितात. वितरकाचा नंबर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात जूनच्या पानावर लिहून ठेवलाय.