ढगाळ आभाळ, अंगणातले पक्षी आणि फ्लॅश

स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून लसीकरण, जुलाब किंवा बालदमा यांपैकी एखाद्या विषयावर लेख मागविला जातो. यंदा संपादक मंडळाने छंदाविषयी लिहिण्याची मुभा दिली, म्हणून हा विषय निवडला. लेखात शेवटी बालरोगतज्ज्ञ डोकावणार, हे मात्र आधीच कबूल करतो.

आमच्या भरवेलीची ओळख मॅंगनीजच्या खाणीमुळे. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील हा परिसर हिरवागार आहे आणि पावसाळ्यात तर घराच्या कुंपणापर्यंत रान चालून येते. दवाखान्याच्या मागील छोट्याशा बागेत दयाळ, लालबुड्या बुलबुल, सातभाई, शिंपी, सूर्यपक्षी आणि अधूनमधून खंड्या असे पाहुणे नित्य येतात. पक्ष्यांची मराठी नावे शिकलो ती मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'तून. २०२५ साली दिवंगत झालेल्या या अरण्यऋषींनी वनाधिकारी म्हणून बरीच वर्षे आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला काढली.

पक्षी भरपूर, परंतु उजेड नाही, ही पावसाळ्यातील छायाचित्रकाराची अडचण. जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागतात. अशा वेळी काढलेल्या छायाचित्रात पक्षी एक तर हललेला येतो, नाही तर काळवंडलेला. सूर्यपक्ष्याच्या नराचेच पाहा. उन्हात तो जांभळा-निळा झळाळतो आणि ढगाळ हवेत कोळशाच्या तुकड्यासारखा दिसतो. याचे कारण असे की त्याची झळाळी केवळ रंगद्रव्याची नसते. पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना ती निर्माण होते. साबणाच्या फुग्यावर किंवा मोराच्या पिसाऱ्यावर जे रंग दिसतात, त्यांचीही जात हीच. ही झळाळी प्रकाश कोणत्या कोनातून येतो यावर अवलंबून असते. ढगाळ आभाळाचा मंद प्रकाश वरून, सर्व बाजूंनी विखरून येतो. कॅमेऱ्याच्या दिशेने थोडासा प्रकाश गेला, तरच ते रंग जागे होतात. येथे फ्लॅशचा खरा उपयोग आहे.

रानातील प्राण्यांची छायाचित्रे कृत्रिम प्रकाशात काढण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाटेवर तार बांधून, मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून रात्रीच्या जंगलात वाघांची छायाचित्रे टिपली आणि १९२७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेवर चालणारा, क्षणार्धात चमकून विझणारा दिवा विकसित केला. आपल्या कॅमेऱ्यावरील फ्लॅश हा त्याचाच वंशज.

आता थोडे गणित. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, आणि चौपट केले की सोळावा. प्रत्येक फ्लॅशला एक गाईड नंबर दिलेला असतो. त्याला भिंगाच्या छिद्राच्या आकड्याने, म्हणजे एफ-नंबरने, भागले की आयएसओ १०० वर पूर्ण ताकदीचा फ्लॅश किती मीटरपर्यंत पोचेल ते कळते. कॅमेऱ्यात बसविलेल्या छोट्या फ्लॅशचा गाईड नंबर १२ धरा. एफ ५.६ वर तो जेमतेम दोन मीटर पोचतो. वेगळ्या, मोठ्या फ्लॅशचा नंबर ४० धरला, तर तो सुमारे सात मीटर पोचतो. मोबाइलमधील दिवा दोन-तीन मीटरपलीकडे निकामीच. दूरच्या झाडावरील पक्ष्यासाठी तो लावून काहीही साधत नाही.

या 'दोन मीटर'ने मला एक धडा दिला. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे नवाच डिजिटल कॅमेरा आला होता. त्या काळी आयएसओ ४०० च्या पुढे गेले की चित्रात दाणे दिसू लागत, म्हणून मी आयएसओ १०० सोडीत नसे. व्हरांड्यालगतच्या जास्वंदीत बुलबुलाचे घरटे होते आणि त्यात दोन पिले होती, अजून पिसेही न फुटलेली. जुलैचा झिरमिर पाऊस. फ्लॅश पोचावा म्हणून मी घरट्यापासून दोन मीटरवर स्टूल टाकून बसलो. मध्ये येणाऱ्या दोन फांद्या दोरीने बाजूला बांधल्या. मादी समोरच्या तारेवर ओरडत राहिली, परंतु घरट्यावर आली नाही. अर्ध्या तासाने मी उठलो. उठण्याच्या घाईत फांद्या सोडायच्या राहून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. आडोसा गेल्यामुळे ते कावळ्याला किंवा भारद्वाजाला उघडे पडले असावे.

नवजात बालकाला उघडे ठेवू नका, त्याचे तापमान सांभाळा, असे मी रोज मातांना बजावतो. पिसे नसलेल्या पिलांनाही स्वतःचे तापमान राखता येत नाही. आईची ऊब हेच त्यांचे दुपटे. हे ज्ञान असूनही अर्धा तास मी ती ऊब अडवून बसलो होतो. ते छायाचित्र आजही माझ्याकडे आहे. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तम आहे. मी ते कोणाला दाखवीत नाही.

फ्लॅशमुळे पक्ष्यांचे डोळे जातात का, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. दिवसाउजेडी, योग्य अंतरावरून, अल्पकाळ चमकणाऱ्या फ्लॅशने निरोगी पक्ष्याच्या दृष्टीला कायमची इजा होते, असा पुरावा माझ्या वाचनात नाही. लहान बाळांच्या बाबतीतही पालकांना हीच भीती असते. तेथे तर १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या डोळ्यांवर येणारा सभोवतालचा प्रकाश कमी करून पाहिला होता. त्यामुळे दृष्टिपटलाच्या विकाराचे प्रमाण बदलले नाही. तेव्हा माझ्या मते खरा धोका त्या क्षणभराच्या लखलखाटात नाही. फ्लॅश पोचावा म्हणून आपण जवळ जातो, धोका त्या जवळीकीत आहे. माझ्या बुलबुलांचे नुकसान प्रकाशाने केले नाही. ते माझ्या स्टुलाने आणि दोरीने केले.

म्हणूनच अंतर न घटविता फ्लॅश कसा वापरावा, हे समजून घेणे महत्त्वाचे. सुदैवाने आजचे कॅमेरे त्यासाठी अनुकूल आहेत. आयएसओ १६०० वर काढलेले चित्र आता सहज स्वच्छ येते. आयएसओ १०० वरून १६०० वर गेलो की कॅमेरा सोळापट संवेदनशील होतो. म्हणजे सात मीटरवर जेथे मोठ्या फ्लॅशची पूर्ण ताकद लागत होती, तेथे सोळावा हिस्सा पुरतो. दोन मीटर पोचणारा अंगचा छोटा फ्लॅशही आठ मीटरपर्यंत कामास येतो. त्या दिवशी मला हे साधता आले असते, तर स्टूल व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवता आले असते.

दुसरे सूत्र मात्रेचे. फ्लॅश हा मुख्य प्रकाश नव्हे, तो पूरक आहार आहे. प्रथम फ्लॅश बंद ठेवून पार्श्वभूमी नीट दिसेल, किंचित गडद राहील, अशी मांडणी करावी. माझी नेहमीची सुरुवात एफ ५.६, सेकंदाचा १/२०० भाग आणि आयएसओ ८०० ते १६०० अशी असते. मग फ्लॅश सुरू करून त्याची भरपाई उणे दीड ते उणे दोन स्टॉपवर ठेवावी. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दोन म्हणजे चौथा हिस्सा. वरच्या उदाहरणातील सोळावा हिस्सा आणखी चौथाईवर आणला, की फ्लॅशची ताकद केवळ १/६४ उरते. इतक्या कमी मात्रेत तो अतिशय अल्पकाळ चमकतो, सेल टिकतात आणि पुढच्या चमकेसाठी थांबावे लागत नाही. मुलांना औषध देताना आपण वजनानुसार कमीत कमी परिणामकारक मात्रा शोधतो, तोच विवेक येथे हवा. पूर्ण ताकदीच्या फ्लॅशने पक्षी पुठ्ठ्याचा दिसतो आणि मागे भर दिवसा रात्र होते. रोगापेक्षा औषध भारी!

काही व्यावहारिक गोष्टीही सांगून ठेवतो. बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या १/२०० ते १/२५० भागापेक्षा वेगवान शटरवर साधा फ्लॅश जुळत नाही. त्याहून वेग हवा असल्यास हाय-स्पीड सिंकची सोय असते, पण तिने पल्ला बराच घटतो. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर लावले असेल, तर पुष्कळदा फ्लॅश पेटतच नाही. यांत्रिक शटर निवडावे. पक्षी शेपूट हलवीत असेल, तर चित्रात एक स्पष्ट आणि एक धूसर अशा दोन प्रतिमा येतात. तो स्थिर होईपर्यंत थांबावे. भुरभुर पावसात भिंगाजवळचे थेंब उजळून पांढऱ्या चकत्या दिसतात, तेव्हा फ्लॅश न वापरणेच बरे. फ्लॅशचा पल्ला वाढविणारे प्लॅस्टिकचे पारदर्शक भिंग मिळते, परंतु ऊन पडताच ते काढून ठेवावे. सूर्यकिरण एकवटून फ्लॅश वितळल्याची उदाहरणे आहेत. आणि आपल्याकडच्या दमट हवेत साहित्य हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावे, अन्यथा भिंगावर बुरशी चढते.

घरट्याजवळ मात्र फ्लॅश नको, कॅमेराही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. घुबड, पिंगळा, रातवा या निशाचरांवर अंधारात फ्लॅश टाकू नये. त्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या असतात आणि शिकारीच्या वेळी क्षणभर दिपणेही त्यांना महाग पडू शकते. त्याऐवजी बागेत पाण्याचे उथळ भांडे ठेवावे, शेजारी एक वाळकी फांदी रोवावी आणि सहा-सात मीटरवर खिडकीआड बसावे. पक्षी स्वतःहून येतात. पहिल्या चमकेला पक्षी दचकला, पाणी पिणे सोडून उडाला किंवा धोक्याची हाक देऊ लागला, तर फ्लॅश बंद करावा. रुग्ण नको म्हणत असताना तपासणी लांबवू नये, तसेच हे.

आता कबूल केल्याप्रमाणे बालरोगतज्ज्ञ येतो. फ्लॅश भिंगाच्या अगदी लगत असेल, तर पक्ष्याच्या डोळ्यात पोलादासारखी निर्जीव चकाकी येते. प्रकाश बाहुलीतून सरळ आत जातो, आतल्या पडद्यावरून परावर्तित होऊन त्याच वाटेने भिंगात परततो. उपाय सोपा आहे. फ्लॅश कंसावर लावून भिंगापासून वीतभर वर न्यावा. मग डोळ्यात केवळ एक टपोरा प्रकाशबिंदू उरतो आणि पक्षी जिवंत भासतो. मंद उजेडातील छायाचित्रांत आपल्या मुलांचे डोळे लाल दिसतात, तेही याच कारणाने. ती लाली डोळ्याच्या मागील रक्तपुरवठ्याची असते, आणि नवजात बालकाच्या तपासणीत आम्ही उपकरणाने हाच लाल प्रतिबिंबाचा शोध घेतो.

म्हणून सर्व आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना एक विनंती. फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रात बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसत असेल, तर ते चित्र पुसून टाकू नका. दर वेळी तो आजारच असतो असे नाही. बाळ किंचित तिरके पाहत असल्यानेही असे घडते. परंतु जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग यांची पहिली खूण पुष्कळदा अशाच घरगुती छायाचित्रात दिसते, आणि ती डॉक्टरांआधी आईला दिसते. तो कर्करोग वेळीच कळला, तर बाळाचा जीव वाचतो आणि अनेकदा डोळाही वाचविता येतो. ते छायाचित्र घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. 'मोठा झाला की जाईल' असे म्हणून थांबू नये. माझ्या डॉक्टर मित्रांनीही कोणी असे चित्र मोबाइलवर दाखविले, तर हसून परत न करता बाळाला तपासून पुढे पाठवावे.

यंदाही जास्वंदीत बुलबुलांनी घरटे केले. मी कॅमेरा खिडकीच्या आत, सात मीटरवर ठेवला आणि घरट्याकडे न रोखता पाण्याच्या भांड्याकडे रोखला. श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी जोडी पिलांना घेऊन तेथे आली. त्यातले एक चित्र सध्या दवाखान्याच्या प्रतीक्षा कक्षात लावले आहे. इंजेक्शनसाठी आलेली मुले त्यातील पिले मोजत बसतात. तीन आहेत.