शाळेला कुलूप, रेडिओला कान

सेलू म्हटले की बहुतेकांना परभणीकडचे सेलू आठवते. हे दुसरे. वर्ध्याहून नागपूरकडे निघालात की वाटेत लागणारे, एकेकाळी केळीच्या बागांसाठी नावाजलेले. तालुक्याच्या एका अंगाला बोर धरण आणि बोरचे जंगल आहे. ते २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले. बाकी मुलूख कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. अशा मुलखातल्या मजुराच्या घरात २०२० साली फोन असलाच तर एकच, आणि तोही सकाळी बापाच्या खिशातून वावरात जाणारा.

त्या मार्चच्या मध्यावर कोरोनामुळे राज्यातल्या शाळांना कुलूप लागले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा झाली आणि अभ्यास व्हॉट्‌सॲपवर येऊ लागला. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ग्रामीण भारताचा हिशेब मांडला. शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. दोनच वर्षांपूर्वी हा आकडा ३६ च्या आसपास होता. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळाला होता तो जेमतेम तिघांतल्या एकाला. फोन घरात असणे वेगळे आणि पोराच्या हातात असणे वेगळे.

नागपूर विभागाने या अडचणीवर जुनाच उपाय काढला, तो म्हणजे रेडिओ. विभागीय आयुक्त कार्यालय, ‘प्रथम’ संस्था आणि आकाशवाणीचे नागपूर केंद्र यांनी मिळून २०२० मध्ये ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू केला. विभागातल्या सहाही जिल्ह्यांसाठी असल्याने सेलूचा वर्धा जिल्हा त्यात आपोआप आला. गोष्टी, गाणी, घरातल्या वस्तू घेऊन करायचे खेळ, सोपे गणित असा त्याचा साधा बाज होता. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे मध्यम लहरींवर लागते. या लहरी लांबवर पोचतात, टॉवर शोधत नाहीत आणि डेटाही खात नाहीत. गोम एवढीच, की मोबाइलमधला रेडिओ फक्त एफएम पकडतो. मध्यम लहरींसाठी ट्रान्झिस्टर लागतो, आणि तो आपण केव्हाच माळ्यावर टाकला आहे. आकाशवाणी ॲपवरही ऐकता येते, पण मग गाडी पुन्हा स्मार्टफोनपाशीच अडते. पालघरच्या मोखाड्याकडे दिगंत स्वराज फाउंडेशनने आदिवासी पाड्यांवर सरळ लाउडस्पीकर नेला आणि ‘बोलकी शाळा’ भरवली. तो मार्ग मला जास्त खात्रीचा वाटतो.

तरी रेडिओ काय किंवा भोंगा काय, तो एकतर्फी बोलतो. पोराने ‘क’ला ‘फ’ म्हटले, तर ते रेडिओला ऐकू येत नाही. तिथे माणूसच लागतो आणि शक्यतो गावातलाच. ‘प्रथम’चा पाया याच जाणिवेवर पडला. १९९५च्या सुमारास माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांत काम उभे केले, तेव्हा इमारती बांधल्या नाहीत. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, मिळेल ती जागा आणि बालवाडी सुरू. पुढे खेड्यांत कॉलेजच्या वयाची मुले-मुली यात आली. त्यांनी लहानांना शिकवायचे, त्या बदल्यात त्यांना स्वतःला एखादे प्रशिक्षण मिळायचे.

पद्धतही पाहण्यासारखी आहे. मूल कितवीत आहे हे विचारायचे नाही, वाचता काय येते ते पाहायचे. अक्षरे ओळखणारी एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या, परिच्छेदापर्यंत आलेली तिसऱ्या आणि गोष्ट सलग वाचणारी चौथ्या. त्यामुळे चौथीतला पोरगा दुसरीतल्या बहिणीशेजारी बसतो. त्याला आधी लाज वाटते. पण गट काही कायमचा नसतो, पाठ जमला की पोर पुढे सरकते. गावातल्या एखाद्या ओट्यावर हे शिकवणाऱ्या ताई-दादाला पगार नसतो की हुद्दा नसतो. शासनाच्या तक्त्यात या माणसासाठी रकाना नव्हता, ही मला त्या काळातली सर्वांत मोठी चूक वाटते. ॲपवर खर्च झाला, ओट्यावर झाला नाही.

नवल असे, की ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्धा शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती आणि नई तालीमची मांडणी झाली होती. पोराचा हात, गावची कामे आणि शिक्षण यांची सांगड तिथे घातली गेली. महामारीत आपण ती वाट सोडून काचेच्या पडद्यामागे लागलो.

अभ्यासाबरोबर पोटाचाही प्रश्न होता. शाळेतली खिचडी थांबली आणि तांदूळ-डाळ कोरडी घरी वाटली गेली. दोन्ही पालक कोविडने गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपये मुदत ठेवीत टाकण्याचा निर्णय राज्याने जून २०२१ मध्ये घेतला. एकच पालक गमावलेल्यांसाठी बाल संगोपन योजना होती. पण अर्ज, दाखले आणि कचेरीच्या खेपा करायला पुन्हा कोणी तरी पाठीशी लागतेच. विधवांची ही धावपळ हलकी करण्यासाठी हेरंब कुलकर्णींच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती राज्यभर उभी राहिली.

नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस नववी ते बारावीचे वर्ग उघडले, तेव्हा विदर्भात कापसाची वेचणी ऐन भरात होती. शाळेची सवय सुटलेल्या हातांना वावरात काम तयारच होते.

पहिली ते चौथीचे ग्रामीण वर्ग थेट १ डिसेंबर २०२१ला उघडले, आणि जानेवारीत दोन आठवड्यांसाठी पुन्हा बंद झाले. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोराने शाळेची पायरी चढली ती दुसरीच्या मध्यावर. २०२२च्या ‘असर’मध्ये देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०.५ टक्केच निघाली. २०१८ मध्ये ती २७.३ टक्के होती.

२०२०च्या पहिलीतली ही मुले २०३०च्या उन्हाळ्याआधी दहावीच्या परीक्षेला बसतील. तोवर दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेल्या कॉलेजच्या मुला-मुलींनी संध्याकाळी तासभर ओट्यावर बसावे. गोष्टीचे एखादे पुस्तक सोबत असले तरी चालेल.